पापनाशमचे कोठार

दक्षिणेत पापनाशम या नावाची दोन गावे आहेत. एक तिरुनेलवेली जिल्ह्यात, ताम्रपर्णीच्या काठी, डोंगराच्या पायथ्याशी. दुसरे तंजावर जिल्ह्यात, तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना कुंभकोणमच्या अलीकडे सुमारे पंधरा किलोमीटरवर. आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या पापनाशमविषयी. रामाने येथे एकशे आठ शिवलिंगांची पूजा करून पापक्षालन केले अशी स्थलकथा आहे आणि गावाचे नाव तीवरून पडले. कर्नाटक संगीताच्या रसिकांना हे नाव पापनाशम शिवन (१८९०–१९७३) या वाग्गेयकारामुळे परिचित असेल. परंतु या गावाला लागून असलेल्या तिरुप्पालैत्तुरै येथील शिवमंदिराच्या आवारात एक वास्तू उभी आहे आणि तिच्याकडे यात्रेकरूंचे लक्ष सहसा जात नाही. ते आहे भाताचे कोठार.

हे कोठार विटांचे आहे. वर्तुळाकार, वर निमुळते होत गेलेले, सुमारे छत्तीस फूट उंच. तंजावरच्या नायक राजांच्या अमदानीत, सतराव्या शतकात ते बांधले गेले. त्यात तीन हजार कलम भात मावे, असे सांगतात. कलम हे तमिळ देशातील धान्याचे जुने माप. बारा मरक्काल म्हणजे एक कलम. आजच्या वजनात तीन हजार कलम म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी हजार किलोंच्या घरात जाईल. तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याने ही वास्तू संरक्षित केली आहे. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर पाहून आलेल्याला हे कोठार साधेच वाटेल. पण ते मंदिर ज्या भातावर उभे राहिले, त्या भाताची कथा या कोठारापासून अधिक चांगली सांगता येते. देवळात धान्य साठवायचे, तर कोणीतरी ते पिकवले पाहिजे, कोणीतरी त्याला पाणी दिले पाहिजे, आणि पिकवणाऱ्याचा वाटा, गावाचा वाटा, देवाचा वाटा व राजाचा वाटा ठरलेला असला पाहिजे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतीचा वारसा मुख्यतः या वाटण्यांचा वारसा आहे. त्या जेव्हा नीट चालल्या तेव्हा हा प्रदेश दक्षिणेचे धान्यागार ठरला. त्या मोडल्या तेव्हा कोठारे रिकामी राहिली.

आधी पाण्याची वाटणी पाहू. कावेरी तिरुच्चिरापळ्ळीच्या वर दुभंगते. तिचा उत्तरेकडचा फाटा कोळ्ळिडम. हा फाटा अधिक उताराचा, त्यामुळे पाणी त्याच्याकडे ओढ घेते आणि तिकडून समुद्राला मिळते. श्रीरंगमचे बेट ओलांडल्यावर हे दोन प्रवाह पुन्हा एकमेकांच्या अगदी जवळ येतात. तेथेच कल्लणै हा दगडी बांध आहे. परंपरेने त्याचे श्रेय करिकाल चोळ या राजाला दिले जाते, आणि जगातील अजूनही वापरात असलेल्या अतिप्राचीन बंधाऱ्यांत त्याची गणना होते. कावेरीचे पाणी कोळ्ळिडममध्ये निसटू न देता ते भातखाचरांकडे वळवायचे, एवढेच त्याचे काम. पुढे कावेरीच्या वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी, अरसलारु अशा शाखा होतात. नद्यांचे पाट, पाटांचे पोटपाट आणि पोटपाटांच्या चाऱ्या होतात. पापनाशमचा तालुका याच जाळ्यात, कुडमुरुट्टीच्या काठी वसलेला आहे. या जाळ्यातील गाळ दरवर्षी पाणी येण्यापूर्वी काढावा लागे, आणि तो गावाने स्वतःच्या श्रमाने काढावा अशी रीत होती. तिला कुडिमरामत्तु म्हणतात. ही रीत शिथिल झाली तेव्हा मद्रास सरकारने १८५८ मध्ये कायदा करून ती सक्तीची केली, यावरून तिच्यावाचून भागत नव्हते हे उघड आहे.

या प्रदेशात मराठे आले १६७५-७६ च्या सुमारास. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, ज्यांना एकोजी असेही म्हणतात, त्यांनी तंजावर घेतले. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीत असताना या दोघा भावांची भेट झाली ती कोळ्ळिडमच्या उत्तर काठावर, तिरुमळवाडी येथे. दक्षिणेत भोसल्यांचे हे घराणे १८५५ पर्यंत नांदले. आपल्याकडे या राज्याची आठवण निघते ती सरस्वती महाल ग्रंथालय, मराठी नाटके, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख यांच्या निमित्ताने. ही आठवण योग्यच आहे. पण या साऱ्या विद्येचा आणि कलेचा खर्च भागत होता तो भाताच्या उत्पन्नातून. ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू मुलुखातून आलेले एक राजघराणे पाटाच्या पाण्यावर पिकणाऱ्या भाताचे धनी झाले होते.

हे धनीपण वाटते तितके निर्धोक नव्हते. पाणी येई ते दुसऱ्याच्या हद्दीतून. कल्लणै आणि तेथील कावेरीचा बांध ज्या मुलुखात होता, त्यावर अर्काटचा नबाब हक्क सांगे. १७६० च्या दशकात हा वाद विकोपाला गेला. प्रतापसिंहाच्या मागून गादीवर आलेल्या तुळजाजीराजांना दरसाल बांधाची दुरुस्ती करणे भाग होते. न केल्यास कावेरी कोळ्ळिडममध्ये फुटून सारे राज्य कोरडे पडले असते. नबाबाचे म्हणणे असे की, बांध माझ्या हद्दीत आहे, त्याला हात लावायचा नाही. प्रकरण मद्रासच्या इंग्रज कौन्सिलापर्यंत गेले आणि दुरुस्तीचा तंजावरचा अधिकार मान्य झाला. पाण्याच्या हक्कासाठी तिसऱ्याच्या दारात जाण्याची किंमत पुढे त्या राज्याने मोजली. पण भातखाचरांसमोर त्याला दुसरा मार्गही दिसत नव्हता.

याहून कठीण प्रसंग आला १७८१ मध्ये. हैदरअलीच्या फौजांनी तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त केला. गुरे गेली, पाट फुटले, माणसे परागंदा झाली. तंजावरच्या किल्ल्यात धान्याचा कण उरला नाही, रस्त्यांत माणसे मरून पडू लागली. आश्चर्य असे की, किल्ल्याबाहेरच्या गावांत अजून भात होते, पण शेतकरी ते आत आणावयास तयार नव्हते. कारण पूर्वी त्यांनी आणलेल्या धान्याचे पैसे मिळाले नव्हते आणि त्यांचे बैल परत आले नव्हते. अखेर राजाने ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याला मध्ये घातले. पैसे स्वतः चुकते करण्याची हमी श्वार्ट्झने दिली आणि थोड्याच दिवसांत ऐंशी हजार कलम भात किल्ल्यात आला. पापनाशमच्या कोठारासारखी सव्वीस कोठारे भरतील इतके हे धान्य! ते मुलुखात होते, बैल होते, वाटाही होत्या. वाटणीवरचा विश्वास तेवढा उरला नव्हता. एका परक्या माणसाच्या शब्दाने जे झाले ते राजाच्या हुकुमाने झाले नाही, ही गोष्ट आपल्या इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी विसरू नये.

आता या प्रदेशाच्या ताटाकडे वळू. येथील अन्न समजून घ्यावयाचे तर शेताचे वेळापत्रक समोर ठेवावे लागते. आपल्याकडे कोकणात हळवे आणि गरवे भात असा भेद करतात, तसाच भेद येथेही आहे. जूनमध्ये पाणी आले की लावतात ते कुरुवै; हे हळवे, साडेतीन महिन्यांच्या आसपास तयार होणारे. ऑगस्टच्या सुमारास धरतात ते सांबा. हे गरवे, पाच-सहा महिने शेतात राहणारे आणि जानेवारीत कापणीला येणारे. कुरुवै काढून त्याच खाचरात घेतलेल्या दुसऱ्या पिकाला ताळडी म्हणतात. सांबा आणि ताळडीच्या कापणीच्या आठ-दहा दिवस आधी, भात उभे असतानाच, ओल्या खाचरात उडीद किंवा मूग फेकून पेरतात. भात कापले जाते, आणि खाली उगवलेली ही कडधान्ये वेगळे पाणी न घेता जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढतात. कोकणात भात निघाल्यावर वालाचे पीक घेणाऱ्यास यातील शहाणपण सांगावे लागणार नाही.

ज्या इडलीला आपण आता साऱ्या देशाचे अन्न मानतो, तिच्यातील तांदूळ आणि उडीद हे या प्रदेशात एकाच खाचराची पाठोपाठची दोन पिके आहेत. रात्रीचा उरलेला भात पाण्यात ठेवून सकाळी ताक-कांद्याबरोबर खावयाचा ‘पळय सादम’ हे राबणाऱ्या माणसाचे न्याहारीचे अन्न. त्याचे पाणीही वाया जात नाही, ते उन्हातान्हात प्यावयास उपयोगी पडते. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, नदीला नवे पाणी आल्याचा सण होतो. त्या दिवशी स्त्रिया नदीची पूजा करतात आणि चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा, दह्याचा असे निरनिराळे भात करून काठावर बसून खातात. जानेवारीत पोंगलला नव्या तांदळाचा गूळभात अंगणात उतू जाऊ देतात. पाणी आल्याचा सण आणि धान्य घरात आल्याचा सण, या दोहोंमध्ये येथील शेतकऱ्याचे वर्ष सामावलेले आहे.

या ताटात मराठ्यांनी काय घेतले आणि काय दिले? सांबाराची कथा सर्वश्रुत आहे. तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीला आमसूल नव्हते, म्हणून चिंच घातली आणि संभाजीराजांच्या सन्मानार्थ त्या पदार्थाला सांबार नाव दिले, असे सांगतात. कथा गोड आहे. पण ती सांगणारे कोणी समकालीन कागद पुढे ठेवीत नाहीत. ‘संभार’ हा साहित्य, सामग्री या अर्थाचा संस्कृत शब्द जुना आहे, आणि चिंच तर दक्षिणेला मराठ्यांनी शिकवावी अशी वस्तूच नव्हे. तेव्हा ही कथा मनोरंजनापुरती ठेवावी.

खात्रीची देवाणघेवाण याहून कमी गाजलेल्या पदार्थांत आहे. तंजावरकडे उडदाचे पीठ ताकात कालवून करतात त्या पचडीला ‘डांगर पचडी’ म्हणतात. हे आपले डांगर. रसवांगी आणि वांगीभात यांची नावे तर मराठी माणसाला उकलून सांगावयास नकोत. पुरणाची पोळी तेथे ‘बोळी’ झाली. ‘पिट्लै’ या पदार्थाचे नाते पिठल्याशी जोडतात. पण त्यात बेसन नाही, तुरीची डाळ, भाजून वाटलेले खोबरे-धणे आणि वांगे किंवा कारले आहे. पिठल्याचे नाव टिकले, पीठ मात्र गेले, आणि कढई भाताच्या देशाची झाली. कित्येक पिढ्या तेथे राहिलेली मराठी घरे आजही घरात जी मराठी बोलतात, तिच्यातही असेच घडले आहे: धातू मराठी, वळण तमिळ.

या पाककलेला लेखी इतिहासही आहे. एकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ सतराव्या शतकाच्या अखेरीस रचला. अन्नपदार्थ आणि त्यांचे गुणदोष यांचा तो कोशच आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८–१८३२) मुदपाकखान्यातील पाककृतींचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे मराठी पुस्तक सरस्वती महालाने प्रसिद्ध केले आहे.

पण राजाच्या मुदपाकखान्यापेक्षा मला छत्रांची हकीकत अधिक मोलाची वाटते. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी अन्नछत्रे बांधली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी प्रसिद्ध. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि सरफोजींच्या हाती किल्ला व महसुलाचा ठराविक हिस्सा एवढेच उरले. तेव्हा १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटाला पत्र लिहून या छत्रांच्या उत्पन्नाला हात लावू नये अशी विनंती केली. तेथे ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंना शिजलेले अन्न मिळते, लहान मुलांना दूध मिळते, आजाऱ्यांवर उपचार होतात, हे त्यांनी त्यात नमूद केले आहे. राज्य गेल्यावर राजाने जे मागून घेतले त्यात ही भाताची वाटणी होती.

१८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर हे राज्य खालसा झाले. त्यापूर्वीच पाण्याची सूत्रे इंग्रज स्थापत्यतज्ज्ञांकडे गेली होती. १८३६–३८ मध्ये आर्थर कॉटन यांनी कोळ्ळिडमच्या मुखाशी वरचा बंधारा बांधून कावेरीत पुरेसे पाणी राहील अशी व्यवस्था केली. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पुरे झाले. तेव्हापासून १२ जून ही कुरुवैसाठी पाणी सोडण्याची तारीख या प्रदेशात मुहूर्तासारखी मानली जाते.

बियाण्याची कथा मात्र आपल्याला थेट जपानपर्यंत नेते. १९५० च्या दशकात जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या पुढाकाराने कटकच्या संशोधन केंद्रात जपानी आणि भारतीय भातांचा संकर करण्याचा कार्यक्रम चालला होता. जपानी भात आखूड ताटाचा आणि खताला जोमाने प्रतिसाद देणारा. आपला भात उंच आणि काटक. १९२२ मध्ये स्थापन झालेले आडुतुरैचे भात संशोधन केंद्र पापनाशमपासून दूर नाही. तेथे नोरिन-१० ही जपानी जात आणि जीईबी-२४ ही कोइमतूरची प्रसिद्ध जात यांच्या संकरातून एडीटी-२७ हे हळवे भात निवडले गेले आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास ते शेतकऱ्यांच्या हाती आले. १९६०-६१ पासून देशातील सघन शेतीच्या पहिल्या सात जिल्ह्यांत तंजावरची निवड झाली होतीच. काही वर्षांतच कुरुवैच्या खाचरांत हे अर्धे जपानी भात सर्वत्र डोलू लागले, आणि मागोमाग आणखी नव्या जाती आल्या. दुष्काळाच्या छायेत असलेल्या देशाला त्या भाताची गरज होती, यात शंका नाही.

परंतु वाढलेल्या धान्याची वाटणी कशी झाली? या प्रदेशात जमीन मिरासदारांची आणि देवस्थानांची. चिखलात उभे राहून लावणी करणारे बहुसंख्य हात दलित शेतमजुरांचे. पण्णैयाळ म्हणजे सालाने बांधलेले गडी. त्यांच्या संरक्षणासाठी १९५२ मध्ये खास तंजावर जिल्ह्यापुरता कायदा करावा लागला. तरीही २५ डिसेंबर १९६८ रोजी, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्याच्या पूर्व भागातील कीळवेण्मणी या गावी, कापणीच्या मजुरीवरून पेटलेल्या वादात चव्वेचाळीस दलित स्त्री-पुरुष आणि मुले एका झोपडीत जाळून मारली गेली. कोठाराची उंची सांगताना ही संख्याही सांगितली पाहिजे. तो भात ज्यांनी पिकवला त्यांचा वाटा हिशेबात धरला नाही, तर वारसा हा शब्द आपण उच्चारू नये.

दुसरी हानी शांतपणे झाली. नव्या बियाण्यांबरोबर जुन्या जाती खाचरांतून नाहीशा होत गेल्या. माप्पिळै सांबा, म्हणजे जावयाचे भात. सासरी दगड उचलून बळ दाखविणाऱ्या नवरदेवाची कथा त्याच्याशी जोडलेली. काट्टुयाणम, हत्तीलाही लपवील इतके उंच वाढणारे आणि पूर-अवर्षण सोसणारे. सुवासिक सीरग सांबा, बाळंतिणीला हितकर मानलेले पूंगार. या जाती जपण्याच्या कार्यास ‘नेल’ जयरामन यांनी आयुष्य वाहिले. नेल म्हणजे भात. तिरुत्तुरैप्पूंडीजवळच्या आदिरंगम येथे २००६ पासून त्यांनी भाताचा बियाणे-मेळा भरविला. शेतकऱ्याला दोन किलो बियाणे द्यावयाचे आणि पुढच्या वर्षी त्याने चार किलो परत करावयाचे, एवढाच त्यांचा नियम होता. २०१८ मध्ये ते वारले, तोपर्यंत दीडशेहून अधिक जाती पुन्हा शेतांत आल्या होत्या. हे कोठार विटांचे नव्हते. ते हजारो शेतकऱ्यांच्या घरांत विखुरलेले होते.

पाण्याचा वाद तर अठराव्या शतकातून विसाव्यात आणि तेथून आपल्या शतकात आला आहे. नबाबाच्या जागी शेजारचे राज्य आहे आणि मद्रास कौन्सिलाच्या जागी न्यायालय. १८९२ आणि १९२४ चे करार, १९९० चा लवाद, २००७ चा त्याचा निवाडा आणि १६ फेब्रुवारी २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय अशी ही साखळी आहे. त्या निर्णयाने तमिळनाडूचा वार्षिक वाटा ४०४.२५ अब्ज घनफूट ठरला. तरी २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षे १२ जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडले नाहीत. ते २०२० मध्ये ठरल्या दिवशी उघडले. त्याच वर्षी कायद्याने हा प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरविण्यात आला आणि तेल-वायूच्या नव्या उत्खननासारख्या उद्योगांना तेथे मनाई झाली.

जपानमध्ये सादो नावाचे एक बेट आहे. २०११ मध्ये नोतो द्वीपकल्पाबरोबर त्याला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून जागतिक अन्न आणि कृषी संघटनेची मान्यता मिळाली. तेथे तोकी नावाचा गुलाबी छटेचा पक्षी भातखाचरांत चरे. कीटकनाशकांमुळे आणि इतर कारणांनी तो रानातून नाहीसा झाला. २००८ मध्ये पिंजऱ्यात वाढविलेले तोकी तेथे पुन्हा मोकळे सोडण्यात आले. त्यांना चारा मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी औषधे कमी केली, हिवाळ्यातही खाचरांत पाणी ठेवले, आणि अशा शेतातील तांदूळ ग्राहक वेगळ्या ओळखीने विकत घेऊ लागले. तेथे पक्ष्यालाही वाटणीत घेतले गेले. भारतातून कोरापूट, कुट्टनाड आणि काश्मीरचे केशरक्षेत्र या यादीत गेले आहेत. कावेरीचा त्रिभुज प्रदेश अद्याप नाही. तो जावा, असे मला वाटते. परंतु यादीत नाव लागल्याने गाळ निघत नाही आणि मजुरीही वाढत नाही. ते काम तेथल्या माणसांनाच, वर्षानुवर्षे, परस्परांवर विश्वास ठेवून करावे लागेल.

पापनाशमला कधी जाणे झाले तर देवदर्शनानंतर ते कोठार अवश्य पाहावे. मग गावातल्या एखाद्या साध्या खानावळीत केळीच्या पानावर जेवण घ्यावे. पानावर पडणारा भात कोणत्या पाण्यावर पिकला, कोणी लावला आणि त्यातला किती त्याच्या घरी गेला, एवढे तीन प्रश्न त्या वेळी मनात आले, तर तंजावरच्या मराठ्यांच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण आपण वाचावयास घेतले असे मी समजेन.